चालू ठेव, ऐकू दे

माझा आवाज मोठा होता. चारचौघींसारखा मोठा नव्हे. मी मागच्या खोलीतून "जेवायला या" म्हटलं की आमच्या गॅरेजसमोरचा टायरवालासुद्धा हात धुवायला उठायचा. आमचे हे म्हणायचे, "हिला फोन कशाला हवा, खिडकी उघडली की पुरे." आता मी बोलत नाही, लिहिते. लिहिताना मधे कोणी तोंड घालत नाही, तेवढंच एक बरं आहे.

गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं. जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यात फसवाफसवी काही नाही. आता मानेच्या तळाशी एक भोक आहे, मी त्यातून श्वास घेते आणि त्यावर मऊ कापड बांधते. लोक बघतात, मग न बघितल्यासारखं करतात. लाज वाटायचे दिवस माझे गेले, राग यायचे मात्र काही जाईनात.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ऑपरेशनच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज भरून ठेवा. मी वाक्यं देते, ती शांत खोलीत बसून एकेक म्हणायची. नंतर त्यातून तुमचा आवाज बनवता येतो. तुम्ही टाईप कराल आणि यंत्र तुमच्या आवाजात बोलेल." मग मी गॅरेजच्या मागच्या खोलीत, बिलं करायच्या कॉम्प्युटरला माईक लावून बसले. "दार उघडं आहे का?" "मला एवढं नको." "टेकडीपलीकडे ढग दाटले आहेत." माझ्या जन्मात मी कुणाला टेकडीपलीकडच्या ढगांबद्दल सांगितलं नव्हतं. पण सगळे उच्चार त्यात येतात म्हणे. घसा दुखायचा, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, तरी एकही वाक्य सोडलं नाही.

एवढा आटापिटा स्वतःसाठी नव्हता. यांच्याशी मी पाटीवर लिहून भांडू शकते आणि चांगली भांडते. आटापिटा आईसाठी होता. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. ती दुसऱ्या गावी माझ्या धाकट्या भावाकडे असते आणि रोज संध्याकाळी मला फोन करते. तिच्यासमोर पाटी धरून काय उपयोग? तिच्या लेखी मी म्हणजे माझा आवाज, तो नसला की मी नाहीच.

तिला ऑपरेशनचं सांगायचं नाही, असं भावाने ठरवलं. "ती हाय खाईल, ताई. आधी तुझा आवाज तयार होऊ दे, मग तूच सांग." मला पटलं. तोवर फोन यांनी घ्यायचा आणि "घसा बसलाय तिचा, डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय" असं सांगायचं. मी शेजारी बसून स्पीकरवर ऐकायची. एकदा न राहवून, हॉस्पिटलातून मिळालेलं, गळ्याला टेकवून बोलायचं घरघर करणारं यंत्र लावलं आणि "आई" म्हटलं. पलीकडून ती भावाला म्हणाली, "कसलं तरी मशीन बोलतंय रे, राँग नंबर आहे," आणि फोन ठेवला. ते यंत्र मी त्या दिवशी कपाटात टाकलं.

म्हणजे सगळी भिस्त त्या कॉम्प्युटरवर होती. प्रत्येक वाक्य वेगळं कापायचं, खोकला आला असेल तर काढायचा, फाईलला नंबर द्यायचा आणि मग सगळं मिळून हॉस्पिटलातल्या बाईंकडे पाठवायचं. ऑपरेशननंतर जरा बसता यायला लागल्यावर मी ते काम हातात घेतलं. थोडीच वाक्यं उरली होती.

त्या दुपारी आधी बारीक किरकिर ऐकू आली. मला वाटलं बाहेर कोणी पत्रा घासतंय. मग आवाज बदलला. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. कुणी आपली कीव करत च्च च्च करावं, तसा. माझं "मला एवढं नको" हे वाक्य स्क्रीनवर अर्धं कापलेलं होतं, ते तसंच गोठलं. माऊस हलेना. मी दारात जाऊन जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

आता यांच्याविषयी सांगितलं पाहिजे. आमच्या यांना गॅरेजांची सगळी लाईन कानसेन म्हणते. गाडी वळणावर असते तेव्हाच हे इथून सांगतात की हिचा पट्टा सैल आहे. गाडी आली की लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक घाबरून किल्ली फिरवायला गेलं की हात वर करून म्हणायचं, "चालू ठेव, ऐकू दे. मुकं इंजिन काय सांगणार?" आजवर त्यांचं निदान चुकलेलं मी पाहिलं नाही. आणि ही सगळी कामं खाली वाकून, जगाकडे पाठ करून. तीस वर्षं मी त्यांच्या पाठीशीच बोलत आले. त्यांना वर बघायची गरजच पडली नाही, मी ऐकूच जायची.

हात पुसत ते आत आले, सीपीयूपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "अगं, घाबरतेस काय, पंखा असेल." डब्याची बाजू उघडली. पेन्सिलीने पंखा क्षणभर अडवला. टक्. "पंखा नाही." आतल्या वायरी हाताने बाजूला केल्या. टक्. "वायर लागत नाहीये." मग स्क्रूड्रायव्हर आला. तो त्यांनी एकेका भागावर टेकवला आणि हार्ड डिस्कवर आल्यावर त्यांचा चेहरा उजळला. गिऱ्हाइकाचा रोग सापडला की उजळतो तसाच. "इथून येतोय. बेअरिंग वाटतंय. थांब, ऐकू दे."

मी तोवर मोबाईलवर शोधलं. जिथे बघावं तिथे एकच. डिस्क टकटक करत असेल तर ताबडतोब बंद करा, पुन्हा चालू करू नका, आतली माहिती खरवडली जाते. मी मोबाईल त्यांच्या खांद्यावरून पुढे धरला. डोळे मिटलेले. मी खांदा हलवला. "एक मिनिट गं." मी सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला.

"आता कशाला बंद केलास? हाताशी आला होता आवाज." त्यांनी परत चालू केला.

पाटी बाहेर बाकावर राहिली होती. मी धावले, पाटी आणली, मोठ्या अक्षरात 'बंद करा' लिहिलं. तोवर पाठ पुन्हा माझ्याकडे. पाठीला काय दाखवणार? मी पाटी टेबलावर आपटली. डब्याचं झाकण लाथेने उडवलं. तर हे न वळता काय म्हणाले माहीत आहे? "आदळआपट नको करूस, ऐकू येत नाहीये मला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसफुसत होती. एक शब्द हवा होता मला, दोन अक्षरी. तो असता तर समोरचा टायरवालासुद्धा आपलं मशीन बंद करून उभा राहिला असता.

मी त्यांचा हात धरून ओढला. त्यांना वाटलं मी घाबरले आहे. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, खरंच थोपटलं, आणि म्हणाले, "तुझा आवाज आहे ना आत, मला माहीत आहे. म्हणूनच नीट बघतोय. घाईने हात लावून बिघडवायचं नाही." त्यांच्या मते ते अगदी जपून वागत होते. गरम झाल्यावर आवाज वेगळा येतो म्हणून चालू ठेवलं. मग थंड होऊ दिलं आणि परत चालू केलं. अडकलेला स्टार्टर हलक्या ठोक्याने सुटतो, म्हणून पान्ह्याच्या दांड्याने डिस्कवर दोनदा टिचकीसारखं मारलं. मी त्यांच्या हातातून पान्हा हिसकावला, तर ते हसले.

मग त्यांनी इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या मित्राला फोन लावला. ही यांच्या धंद्यातली पद्धत. एकाला आवाज ओळखता आला नाही की दुसऱ्याला फोनवर ऐकवायचा. मोबाईल डिस्कला चिकटवून धरला. पलीकडून पंपवाला म्हणाला, "अजून जवळ ने. हां. चालू ठेव, ऐकू दे." दोन जाणती माणसं डोळे मिटून माझा आवाज खरवडला जाताना ऐकत होती.

टेबलामागे, भिंतीशी, कोळ्याच्या जाळ्यात प्लग होता. मी पोटावर पालथी झाले. मानेवरचं कापड सरकलं, भोकात धूळ गेली, खोकल्याची उबळ आली. तशीच हात लांब करून वायर धरली आणि जीव खाऊन ओढली.

"लाईट गेली का?" हे म्हणाले. मग वळले. मी जमिनीवर पडलेली, हातात प्लग, तोंड लाल, गळ्यातून खोकला. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाटीकडे. मग मी मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. फोनवर पंपवाला अजून "हॅलो, हॅलो" करत होता.

वाचून झाल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण लगेच म्हणाले, "अगं, मी दुसरी कॉपी करून ठेवलीय. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हाच. एक C मध्ये आणि एक D मध्ये. मी काय वेडा आहे का, तुझी एवढी मोलाची वस्तू एकाच जागी ठेवायला?" मी त्यांच्या गळ्यात पडले. त्या मूर्ख माणसावर इतकं प्रेम मला लग्नातही आलं नव्हतं.

बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या एक बाई आहेत, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही डिस्क टॉवेलात गुंडाळून, मी मांडीवर घेऊन, त्यांच्याकडे गेलो. यांनी आधी D ची गोष्ट सांगितली. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "C आणि D या वेगळ्या डिस्क नसतात हो," त्या हळूच म्हणाल्या. "एकाच खोलीत मधे पडदा लावलेला असतो. खोली गेली की दोन्ही गेलं."

यांनी रिकाम्या टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे स्टेपनी मी त्याच पंक्चर चाकात ठेवली." हसू आणायचा प्रयत्न होता तो.

"टकटक सुरू झाल्यावर किती वेळ चालू होती?" बाईंनी विचारलं. यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाटी उचलली नाही. सांगू दे त्यांनाच. "दुपारभर," ते म्हणाले. "थांबून थांबून. मला आवाज ऐकायचा होता." बाईंनी मान हलवली, रागावल्या नाहीत. प्रयत्न करते म्हणाल्या.

ते दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. फोन वाजला की जीव टांगणीला लागायचा. संध्याकाळी आईचा यायचा. "अजून बसलाय घसा?" ती विचारायची. "हो, आई, थोडंसं राहिलंय आता," हे सांगायचे आणि भिंतीकडे बघायचे. ती पुढे काही विचारायची नाही, आधी तासभर बोलणारी बाई. मी स्पीकरजवळ तोंड नेऊन बसायची. जणू तोंडातून काही निघणार होतं.

शेवटी त्या बाईंनी बोलावलं. डिस्क उघडून ठेवली होती. आत आरशासारखी लखलखीत थाळी असते, मला माहीत नव्हतं. त्या थाळीवर करडा पट्टा उमटला होता, गोल, पूर्ण फेरा. "वाचणारं टोक थाळीला टेकलं होतं," बाई म्हणाल्या. "फिरत राहिली तितकी खरवडत गेली. तुमच्या वाक्यांतलं एकही हाती लागलं नाही. बिलं निघाली आहेत तुमची. जवळजवळ सगळी."

यांनी खाली वाकून त्या पट्ट्याकडे बघितलं. त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती. "ब्रेकच्या डिस्कला असेच चरे पडतात," ते म्हणाले. "आवाज यायला लागल्यावरही लोक चालवत राहतात. मी ओरडतो त्यांच्यावर. आवाज आला तेव्हाच का नाही थांबलात म्हणून ओरडतो." मग त्यांना खुर्ची द्यावी लागली.

हॉस्पिटलातल्या बाईंना विचारलं. जुन्या व्हिडिओंवरून काही होईल का? त्यांनी ते सगळे ऐकले. कुठे मागे माणसांचा कालवा, कुठे कंप्रेसर, आणि मी बहुतेक ठिकाणी एवढंच म्हणतेय, "अहो, इकडे बघा ना." त्यातून आवाज बनत नाही, त्या म्हणाल्या. आशा संपली म्हणतात ती अशी. रडण्याआधी मला भूक लागली, याचंच नवल वाटलं.

घरी हे कामाला हात लावेनात. गाडी दारात येऊन उभी राहायची आणि हे आतून सांगायचे, "दुसरीकडे न्या." रात्रंदिवस माझ्यासमोर बसून राहायचे. "काहीतरी म्हण मला. पाटीवर शिव्या तरी लिही." मी पाटी कोरी ठेवली. मला त्यांची दया येत होती आणि त्यांचं डोकं फोडावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदमच. एके दिवशी म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या मुलीचा आवाज थोडा तुझ्यासारखा आहे. ती आईंशी बोलली तर? आईंना काय कळणार?" तेव्हा मी लिहिलं. 'मी मेले का?' ते वाचून त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मी ते पुसलं आणि खाली लिहिलं, 'गाडी काढा. आईकडे जायचंय.'

भाऊ दारातच भेटला. "ताई, नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आज नको, तिची तब्येत बरी नाही." मी त्याला बाजूला केलं. हे काम मला बोलता येत होतं तेव्हाही हातानेच जमायचं.

आई पलंगावर बसली होती, खिडकीकडे तोंड करून. पायांचा आवाज ऐकून तिने मान वळवली. "कोण?"

"मी आहे, आई," हे म्हणाले.

"जावईबापू? या, बसा." ती जराशी सरसावून बसली. "ती नाही आली?"

मी तिच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते. यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

"नाहीच आली ना," आई म्हणाली. "मला कळतं हो सगळं. घसा बसलाय म्हणे. चार दिवस बसतो घसा. इतके महिने कुणाचा बसतो? आणि तिचा? दगड बसेल, तिचा घसा बसायचा नाही." तिने पांघरुणाचा काठ चाचपला, घडी घातली, परत उलगडला. "रुसलीय ती. शेवटचा फोन झाला तेव्हा मीच बोलले होते. म्हटलं, हळू बोल गं बाई, तुझ्या आवाजाने डोकं उठतं माझं. तेच धरून बसलीय. फोनवर मी विषय काढला नाही, म्हटलं जाईल राग. नाही गेला. तुम्ही सांगा तिला. म्हणावं, आई चुकली. म्हणावं, ओरड. हवं तेवढं ओरड, मी काही म्हणणार नाही."

दारातला भाऊ खाली बसला. हे खिडकीला धरून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मी तिच्या पायांशी बसले आणि तिचा हात हातात घेतला. तिने माझी बोटं एकेक करून चाचपली, नखांपर्यंत. "आलीयेस की गं," ती म्हणाली. "मग बोल ना. अजून किती छळशील?"

मानेवरचं कापड मी सोडलं. तिचा हात उचलला, माझ्या हनुवटीपासून खाली नेला आणि गळ्याच्या तळाशी ठेवला. तिची बोटं भोकाच्या कडेला लागली आणि थांबली. माझा श्वास त्यातून तिच्या बोटांवर येत होता, आत जात होता, परत येत होता. तिने दुसरा हात माझ्या तोंडासमोर धरून पाहिला. तिथे काही नव्हतं. मग तोही गळ्याशी आणला आणि तसाच धरून ठेवला, बराच वेळ.

"केव्हा झालं?" तिने विचारलं. उत्तराची वाट मात्र तिने बघितली नाही. चाचपडत माझ्या खांद्यावर लोंबणारं कापड तिने शोधलं, दोन्ही टोकं धरली आणि गळ्याभोवती सैलसं बांधलं. लहानपणी शाळेत जाताना बांधायची तसं.

"उघडं नको ठेवूस," ती म्हणाली. "वारं लागेल."

मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि रडले. माझ्या रडण्याला आता आवाज नाही. ती माझ्या पाठीवर हात ठेवून, पाठ हलते का ते बघत बसली होती.